मठ उजव्या हाताला

इरावती गुरुवारी कायमची पर्थला जाणार होती, आणि विभावरीचं तिच्याशी बोलणं नव्हतं. गेली तीन वर्षं नव्हतं. ऑकलंडच्या बॉटनी डाउन्समधल्या एकाच गल्लीत दोघींची घरं, मध्ये अवघी सहा घरं, तरी नव्हतं. भांडण वाढवायची विभावरीची मुळीच इच्छा नव्हती. तिने एवढंच ठरवलं होतं की आपण आधी बोलायचं नाही. इरावतीने तोंड उघडलं रे उघडलं की आपण लगेच बोलायचं, मोकळेपणाने बोलायचं, मागचं एक अक्षर काढायचं नाही. पण आधी तिने. ह्या तयारीत तीन वर्षं गेली. समोरची बाई हलतच नसेल तर विभावरी बिचारी काय करणार?

आता शनिवार उजाडला होता आणि इरावती अजून हलली नव्हती.

शनिवारी मराठी मंडळाच्या चालणाऱ्या ग्रुपने इरावतीच्या निरोपासाठी एक सहल काढली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर ह्या ग्रुपचं नाव 'चालते व्हा'. ते पापाकुरा उपनगरातल्या बाळासाहेबांनी ठेवलेलं, आणि त्याचा कुणाला राग येऊ शकतो हे त्यांना कुणी अजून सांगितलेलं नव्हतं. बाळासाहेब वीज मंडळातून निवृत्त होऊन मुलाकडे आले आणि इथलेच झाले. जगातली कुठलीही गोष्ट दाखवा, ती मुळात कशी करायला हवी होती हे ते तुम्हाला तिथल्या तिथे सांगत. तर ह्या बाळासाहेबांनी ह्या वेळी एक मठ शोधून काढला होता. ऑकलंडपासून अडीच तास दक्षिणेला, कुरणांच्या मधोमध, आयर्लंडहून आलेल्या संन्याशांनी बांधलेला. मठाभोवती सहा किलोमीटरची पायवाट, आणि शेवटी सगळ्यांनी आपापले डबे उघडून इरावतीला निरोप द्यायचा, असा बेत.

"तू तिला एक फोन कर ना," रवींद्र गाडी चालवताना म्हणाला. रवींद्र म्हणजे विभावरीचा नवरा. हे वाक्य तो वर्षातून दोनदा म्हणत असे.

"मी का करू?"

"ती चाललीय म्हणून."

"मग जाणाऱ्याने निरोप घ्यायचा असतो. राहणाऱ्याने नाही."

रवींद्रने ह्यावर विचार केला. बॉम्बे नावाचं गाव मागे पडेपर्यंत तो विचार करत होता.

"असा कुठे नियम आहे?" त्याने शेवटी विचारलं.

"आहे," विभावरी म्हणाली, आणि खिडकीबाहेरच्या मेंढ्यांकडे बघत बसली.

आता भांडण कशावरून, तर विभावरीच्या मुलीवरून. जुई इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. "मम, आय अंडरस्टँड एव्हरीथिंग," असं ती, आजीशी फोनवर मराठीत बोल म्हटलं की, म्हणायची आणि फोन बापाच्या हातात द्यायची. इरावती दर रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये मराठीचे वर्ग घ्यायची. फुकट घ्यायची, मनापासून घ्यायची, आणि पुण्याच्या शाळेत अठरा वर्षं शिकवल्यामुळे कुणाची भीडभाड ठेवायची नाही. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या मीटिंगला, तीस माणसांसमोर, तिने वर्गातल्या मुलांचे गट वाचून दाखवले. बारा वर्षांची जुई बालगटात. पाच वर्षांच्या मुलांबरोबर. 'हा माझा हात, हे माझे नाक' म्हणणाऱ्या गटात.

"तिला समजतं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नाही," इरावती म्हणाली. "पायापासून घ्यायला लागेल."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर विभावरीने चार शब्द सुनावून विषय संपवला असता. पण हे इरावतीने म्हणावं? जुई झाली तेव्हा विभावरीच्या आईला व्हिसा मिळाला नव्हता. रवींद्रची नोकरी नवी. तेव्हा ह्या इरावतीने, ना नात्याची ना गोत्याची, रोज संध्याकाळी इथल्या शाळेतल्या नोकरीवरून सुटल्यावर येऊन चाळीस दिवस बाळंतपण केलं. डिंकाचे लाडू केले, शेक दिला, बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घातली. विभावरीच्या हातात बाळ धरायचं बळ येईपर्यंत जुई इरावतीच्याच अंगाखांद्यावर होती. आणि त्याच इरावतीने त्याच जुईला तीस माणसांसमोर बालगटात बसवलं. विभावरी मीटिंगमधून उठली ती उठलीच. जुईला मात्र काहीच वाटलं नाही. रविवार मोकळा झाला म्हणून ती खूश होती.

मठाच्या फाटकावर 'ऐतिहासिक' अशी पाटी होती आणि खाली स्थापनेचं साल होतं, एकोणीसशे पंचावन्न.

"म्हणजे सत्तर वर्षं," रवींद्र म्हणाला. "आमची कोथरूडची सोसायटी ह्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. ती पाडायला काढलीय."

फाटकात एक संन्यासी उभा होता. झगा वगैरे काही नाही, पायात गमबूट, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. आता मठात सहाच जण उरलेत आणि त्यातले दोघे कोकरांच्या मागे आहेत, असं त्याने न विचारता सांगितलं. "कियोरा," असा माओरीत नमस्कार करत त्याने चौदाही जणांच्या हातात एकेक पत्रक ठेवलं. पिवळ्या बाणांप्रमाणे चालायचं. निम्म्या वाटेवर ओढा लागेल, त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या पाट्या आहेत. त्या दोन पाट्यांच्या मधल्या किलोमीटरभरात कुणी बोलायचं नाही.

"आम्ही तिथे बोलत नाही," तो म्हणाला. "बाकी वाटेवर हीप्स बोला, हवं तेवढं."

मंडळाने माना डोलावल्या. किलोमीटरभर गप्प राहायचं म्हणजे काय हे अजून कुणाच्या नीट लक्षात आलं नव्हतं.

बाळासाहेब बाणाकडे बघत उभे होते. बाण उजवीकडे वळा म्हणत होता.

"हे उलटं आहे," ते म्हणाले.

"काय उलटं?"

"असं गेलं की मठ सगळा वेळ डाव्या हाताला राहतो. देवस्थान उजव्या हाताला पाहिजे. डावीकडे ठेवून फक्त स्मशानात फिरतात."

"अहो, पण तो आपला देव कुठेय?" रवींद्र म्हणाला.

"तुमचा-आमचा हे देवाला विचारून ठरवलंत का?"

 बाळासाहेबांनी सरळ संन्याशाला जाऊन विचारलं, उलट्या बाजूने गेलं तर चालेल का? संन्यासी म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे चालेल की. बाण फक्त पुलावर गर्दी होऊ नये म्हणून लावलेत, एवढं त्याने पुढे सांगितलं, पण तोवर बाळासाहेबांनी परवानगीचा आशीर्वाद करून टाकला होता आणि ते डावीकडे निघालेही होते. त्यांच्यामागे सहा जण निघाले. खरं तर श्रद्धेपेक्षा त्यांच्या पिशवीतल्या चकल्यांमुळे.

इरावती पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचून बाणाप्रमाणे उजवीकडे निघाली. सूचना लिहिलेली असली की ती पाळायची, हा तिचा स्वभाव. गुडघ्याला पट्टा, डोक्यावर जुनी टोपी. विभावरीने तिची पाठ पाहिली आणि ती तरातरा बाळासाहेबांच्या मागे डावीकडे गेली.

आता ही बाई गणितात बी.एस्सी., पहिला वर्ग. माउंट वेलिंग्टनला ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा तिचा धंदा. एका गोल वाटेवर एकाच ठिकाणाहून दोन माणसं दोन दिशांनी निघाली तर ती कुठे भेटतात, हे गणित पाचवीतल्या पोराला येतं. पण त्या क्षणी तिला फक्त इरावतीपासून लांब जायचं होतं. रवींद्रच्या हे गणित लगेच ध्यानात आलं.  "माझी श्रद्धा बाणांवर," एवढं म्हणून तो इरावतीच्या गटात सामील झाला.

पहिले दोन-अडीच किलोमीटर बाळासाहेबांचा गट सगळ्या न्यूझीलंडच्या तोंडावर चालत होता. समोरून माणसं येत होती, काठ्या टेकत, मुलांना खांद्यावर घेऊन, एक बाई तर चक्क जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर घालून. जो तो हसून सांगत होता की तुम्ही उलटे चाललात.

"नो नो," बाळासाहेब प्रत्येकाला तितक्याच प्रेमाने सांगत होते. "यू."

विभावरी मागे मागे चालत होती. उजव्या हाताला मठ, घंटेचा छोटा मनोरा, वाळत घातलेल्या चादरी. कुरणात कोकरं होती, त्यातली काही कालपरवाचीच असावीत. चांगली हवा होती. तिचं ह्यातल्या कशातच लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं, की डबे उघडताना इरावती आपल्याजवळ येईल. यायलाच पाहिजे. चौदा माणसांत ती प्रत्येकाचा निरोप घेणार, मग मला वगळून कशी जाईल? येईल, काहीतरी बोलेल, आणि मग आपण बोलायचं. अगदी काहीही बोलली तरी चालेल. "लोणचं दे" म्हणाली तरी चालेल.

आणि नाहीच आली तर? विभावरीने ह्या प्रश्नाला लगेच बाजूला सारलं.

पांढरी पाटी आली. बाळासाहेब वीज मंडळातल्या एका बदलीची हकिकत सांगत होते, ती त्यांनी साहेबाच्या केबिनच्या दारातच सोडली. सगळे गप्प झाले. पायांखालची खडी वाजायला लागली. कुठेतरी कुंपणात विजेचा टकटक आवाज होत होता. वाट उतरत ओढ्याकडे गेली, एक वळण घेतलं, आणि समोर पूल.

झुलता पूल. लोखंडी दोर, मधे जेमतेम पाऊल मावेल एवढ्या फळ्या, आणि तोंडाशी पाटी: एका वेळी एकच माणूस. आणि पुलाच्या त्या टोकाशी, ह्या टोकाकडे बघत, इरावती.

विभावरीला गणित सुटलं. थोडं उशिरा, पण पूर्ण मार्कांचं सुटलं.

ती थांबली. इरावतीही थांबलेलीच होती. इरावतीने हात पुढे करून खूण केली, ये. विभावरीने लगेच तशीच खूण केली, तू ये. इरावतीने पुन्हा केली. विभावरीने पुन्हा केली. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय ह्या बायकांचा विनय! इरावतीच्या मागे रवींद्र आणि बाकीचे येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे एक गोरं म्हातारं जोडपं आलं. विभावरीच्या मागे बाळासाहेब आणि सगळी चकल्यांची मंडळी. दोन्हीकडे रांग लागली आणि कुणाला बोलायची सोय नाही. बाळासाहेब हातवारे करून ट्रॅफिक पोलिसासारखे दोन्ही बाजूंना एकदमच सोडत होते. पलीकडून रवींद्रने डोळे मोठे करून, मान हलवून, दोन्ही हात जोडून जे काही सांगितलं ते लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईला स्वच्छ कळलं. चल की आता, असं ते होतं.

विभावरीला आधी चीड आली. मीच का? नेहमी मीच का?

आणि मग तिला आठवलं की नेहमी ती नव्हती. एकदाही ती नव्हती. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इरावती घरी आली होती. बेल वाजली होती, एकदा नाही, तीनदा. विभावरी स्वयंपाकघरात उभी होती. गाडी दारात, टीव्ही चालू, कुकरची शिट्टी होत असलेली, आणि ती उभीच होती, हातात झारा घेऊन. घरात माणूस आहे हे अख्ख्या गल्लीला कळत होतं. बाहेर इरावती बराच वेळ उभी राहिली आणि मग गेली. हे विभावरीने कुणाला सांगितलं नव्हतं. रवींद्रलाही नाही. हळूहळू तिने स्वतःलाही सांगायचं बंद केलं होतं. इरावती एकदा हलली होती, आणि ते ह्या बाईने मोजलंच नव्हतं.

तिला स्वतःची लाज वाटली. कानांपर्यंत वाटली. आणि ती पुलावर चढली.

पूल हलला. खाली पाणी जोरात होतं. दोर घट्ट धरून, फळ्या बघत ती पलीकडे गेली. इरावतीने बाजूला होऊन तिला उतरायला जागा दिली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या हातभर अंतरावर उभ्या होत्या. इरावतीचे केस कानापाशी पुरते पांढरे झाले होते. हे कधी झालं? विभावरीने तोंड उघडलं, आणि पांढरी पाटी आठवून मिटलं. खरं सांगायचं तर त्या पाटीचा तिला आधारच वाटला. इरावतीने तिच्या दंडावर हात ठेवला, जरासा दाबला, आणि मागे एवढी माणसं खोळंबलेली बघून ती पुलावर चढली.

झालं. एवढंच झालं. विभावरी उभी राहून बघत राहिली. पट्टा बांधलेला गुडघा जपत, एकेक फळी करत, इरावती लांब लांब जात होती. ती टोपी, ती पाठ. गुरुवारीही हेच दिसणार, आणि मग काहीच दिसणार नाही. सहा घरांपलीकडच्या घरात दुसरं कुणीतरी राहायला येईल. 

इरावती पलीकडे उतरली आणि विभावरीच्या तोंडून हाक गेली.

"इरावती! जाऊ नकोस ना गं!"

ओढ्याचा आवाज कापून गेली ती हाक. म्हाताऱ्या जोडप्यातल्या बाईने छातीवर हात ठेवला. वरच्या कुरणात कुंपणाशी वाकलेला एक संन्यासी सरळ उभा राहिला आणि बघायला लागला. त्या जागी इतक्या मोठ्याने कुणी ओरडलं असेल तर ते बहुधा गाईला.

इरावती वळली. तिनेही पत्रक वाचलं होतं, शेवटच्या ओळीपर्यंत. पण पाण्याचा आवाज एवढा होता की तिलाही ओरडावंच लागलं.

"तीन वर्षं इथेच होते की गं मी!"

  रवींद्रने पुलावर एक पाऊल ठेवलं होतं, त्याला विभावरीने दंड धरून मागे ओढलं आणि ती परत पुलावर चढली. ह्या वेळी तिने फळ्यांकडे बघितलं नाही. डोळ्यांत पाणी असल्यामुळे तसंही काही दिसत नव्हतं.

पलीकडे पोचल्यावर पहिल्यांदा बाळासाहेबच पुढे झाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती.

"वहिनी," ते कुजबुजले, "प्रदक्षिणा अर्धी टाकून मागे फिरलात."

"शंकराची समजा," विभावरी म्हणाली.

बाळासाहेबांनी ओढ्याकडे पाहिलं. पाणी आडवं होतं, आणि पाणी ओलांडायचं नाही, तिथूनच मागे फिरायचं, हे शास्त्राला धरून होतं. ती पाणी दोन वेळा ओलांडून आली होती हे त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं आणि रांग पुढे सोडायला घेतली.

दोघी बाणाच्या बाजूने, चढावर, हळूहळू चालायला लागल्या. पुढची पांढरी पाटी अजून अर्धा किलोमीटर होती. तोवर थांबणं विभावरीला शक्य नव्हतं.

"बेल वाजली तेव्हा मी घरात होते," ती म्हणाली.

"मला माहितीये. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. डाळीचा गाळ झाला असेल."

"झाला होता." विभावरीने नाक पुसलं. "माझं चुकलं, इरावती."

"माझंही चुकलं. तीस माणसांसमोर नको होतं वाचायला." इरावतीने गुडघ्याचा पट्टा सारखा केला. "पण माझं कमी."

"कमी," विभावरीने कबूल केलं.

समोरून एक कुटुंब येत होतं. हे लोकही उलटेच निघालेले दिसत होते. ह्या दोघी पांढऱ्या पाटीच्या आत बोलताहेत हे बघून त्यांच्यातल्या लहान मुलीने ओठांवर बोट ठेवलं. दोघींनी मुकाट्याने माना हलवल्या. ते लोक वळणाआड गेले.

"सुशील?" विभावरीने विचारलं. सुशील इरावतीचा नवरा.

"तो दोन महिने झाले तिकडेच आहे. खाणीवरची नोकरी, सुटी नाही. घर मीच आवरलं."

एकटीने आवरलं. दोन महिने. गल्लीत खोक्यांचा ट्रक येऊन गेला तेव्हा विभावरी पडदा सारून बघत होती, आणि कितीदा बघितलं होतं ते तिचं तिला माहीत. तिला पुन्हा रडू आलं आणि ह्या वेळी तिने ते आवरलंही नाही.

"एअरपोर्टला कशी जाणारेस?"

"टॅक्सी सांगितलीय."

"रद्द कर. मी सोडते."

"तुझं ऑफिस?"

"नाही जात. सातला निघू."

इरावती थांबली. मास्तरीणबाईंनी चुकलेलं गणित बघावं तशी तिने विभावरीकडे पाहिलं.

"सातला? अगं, फ्लाइट दुपारी एकची आहे. साडेनऊला निघालं तरी वीस मिनिटांत पोचतो. सातला निघालो तर दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकून बसू."

"बसू," विभावरी म्हणाली.